दुसरी वही

७ जानेवारी

प्रिय मावशी,

फोन उचलत नाहीस अशी तक्रार करत नाही. कामावर तो पिशवीच्या तळाशी असतो, हे मला माहीत आहे. पण हे बोलणं फोनवरचं नाहीच. मला तुझ्याकडून लिहून हवंय.

मला समितीवर घेतलं. नशेच्या पदार्थांचा कायदा बदलायचा का, नशा करणाऱ्याला तुरुंगात टाकायचं की दवाखान्यात पाठवायचं, हे ठरवायला सात जण बसवलेत. मी त्यांच्यातली नाही. टिपणं काढायची, मसुदा लिहायचा, सह्या गोळा करायच्या, हे माझं काम. पण मसुदा ज्याच्या हातात त्याच्या हातात बरंच काही असतं, एवढं पहिल्याच आठवड्यात कळलं.

या सातांपैकी एकही जण नशा करणाऱ्या माणसाशी कधी दोन वाक्यं बोललेला नाही. आकडे वाचतात, मान डोलावतात आणि चहा मागवतात. तू अकरा वर्षं त्या खिडकीत उभी आहेस. तुमच्या केंद्रात रोज काय होतं, कोण येतं, का येतं, ते मला लिही. नावं नकोत. माझ्यापुरतंच राहील. मला नीट दिसलं तर मला नीट लिहिता येईल.

दुसरं कारण तुला वेगळं सांगायला नको. मामा गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. या कायद्यात माझ्या मनासारखं एकच कलम आलं तरी मी भरून पावेन. सोबतच्याची शुद्ध हरपली म्हणून जो कुणी दवाखान्याला फोन करेल, त्याला पोलिसांनी हात लावायचा नाही. बस, एवढंच.

तुझी वकीलीण


१९ जानेवारी

वकीलीणबाई,

पाकीट बघून पोस्टमन म्हणाला, "कोर्टाचं काही आहे का?" मी म्हटलं, "नाही, भाचीचं. पण वाद तोच." आंघोळ का करायची नाही यावर तू मला पाऊण तास मुद्दे ऐकवायचीस. तेव्हाच ओळखलं होतं की ही पोरगी कुणाचं तरी डोकं खाऊन पोट भरणार.

आता तुझं काम. आमचं केंद्र म्हणजे इस्पितळाची जुनी धोबीखोली. जमीन अजून मोरीकडे उतरती आहे, त्यामुळे माझ्या टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठे आहेत. चादरींचे गठ्ठे घ्यायला जी रुंद खिडकी होती, त्याच खिडकीतून मी औषध देते. सकाळी सहाला उघडते. माणूस येतो, आपलं टोपणनाव सांगतो, मी वहीत खूण करते. औषध मोजून कपात ओतते. ते त्याने माझ्यासमोर प्यायचं, वर पाणी प्यायचं आणि मग काहीतरी बोलायचं. बोलायचं अशासाठी की तोंडात धरून बाहेर नेऊन विकलं नाही हे मला कळावं. ज्याचं तोंड भरलेलं आहे तो बोलू शकत नाही, हा नियम तुमच्या समितीलाही लावून बघ.

हे औषध डोक्याला चढत नाही. ते घेतलं की चोवीस तास अंग मोडून येत नाही, ओकाऱ्या होत नाहीत, माणूस आपल्या कामाला जातो. जे अजून सुई सोडू शकत नाहीत, त्यांनी जुनी सुई डब्यात टाकायची, नवी न्यायची. गल्लीतले लोक आम्हाला सरकारी गुत्ता म्हणतात. म्हणोत. गेल्या पाच वर्षांत आमच्यातल्या एकालाही सुईतून नवा आजार लागलेला नाही.

माणसं म्हणशील तर एकसष्ट आहेत. एक शिंपीण आहे. औषध घेऊन ती मला रोज सांगते की माझ्या पोलक्याची बाही वाकडी बसलीय. आणि एक आहे सव्वासहा. त्याचं नावच ते, कारण सव्वासहा म्हणजे सव्वासहा, मिनिटाचा फरक नाही. शहरबसचा ड्रायव्हर. पाठीचं दुखणं होतं, डॉक्टरने गोळ्या दिल्या, दुखणं गेलं आणि गोळ्या राहिल्या. गोळ्या संपल्यावर त्याने काय काय घेतलं ते त्याचं त्याला माहीत. चार वर्षं आमच्याकडे येतोय. आमचे डॉक्टर दर महिन्याला त्याला तपासतात, डोळे, हात, तोल, सगळं. या चार वर्षांत बसला ओरखडा नाही. बायकोला माहीत आहे, डेपोला नाही. कळलं तर त्याच दिवशी घरी बसवतील. औषध प्यायल्यावर तो मला त्या दिवसाची रस्त्याची बातमी देतो. "बाई, बाजाराकडून जाऊ नका, खोदून ठेवलंय." त्याच्यामुळे मी कधी कुठे अडकत नाही.

मामाचं लिहिलंस. त्या दिवशी त्याच्यासोबत दोघं होते. त्यांतला एक वर्षभराने माझ्याकडे आला. खाली बघून म्हणाला, "ताई, फोन हातात होता." पोलीस येतील म्हणून ते पळाले आणि तुझा मामा चार तास तसाच पडून राहिला. म्हणून तर पुढे हे केंद्र निघालं तेव्हा मी वॉर्ड सोडून या धोबीखोलीत आले. ते कलम आण. बाकी काही नाही आणलंस तरी चालेल.

तुझी मावशी


२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी आठ वेळा वाचलं असेल. आणि एक गोष्ट केली, आधी सांगते, मग रागाव. परवाच्या बैठकीत आमचं घोडं अडलं होतं. तीन जण बाजूने, तीन विरोधात, सातवे कधी इकडे कधी तिकडे. अध्यक्ष म्हणाले, "ही सगळी पुस्तकी चर्चा झाली." माझ्या पिशवीत तुझं पत्र होतं. मी उभी राहिले आणि त्यातला थोडा भाग वाचून दाखवला. खिडकी, कप, प्यायल्यावर बोलायचा नियम. तोंडाचं वाक्य गाळलं, घाबरू नकोस.

मावशी, अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की हे होणार.

तुझं नाव, गावाचं नाव, काही घेतलं नाही.

तुझी वकीलीण


११ फेब्रुवारी

वकीलीणबाई,

रागावले नाही म्हणणं खोटं होईल. "माझ्यापुरतं" असं तू लिहिलं होतंस. पण चष्मा काढला म्हणतेस, तर जाऊ दे. कामी आलं असेल तर माझी तक्रार नाही.

फक्त एक सांग. सव्वासहाचं वाचलंस का? खोलीत कोण कोण होतं? खिडकी, कप, माझं टेबल, हवं ते वाच. माणसं वाचू नकोस. ती माझी नाहीत, मी ती तुला उसनी दिली होती.

आणि जेवणं वेळेवर कर. तुझी आई म्हणते, तू वाळलीस.

मावशी


२६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. जेवण वेळेवर करते, आईला सांग.

मसुद्यात केंद्रांविषयी एक प्रकरण घालतोय. त्यासाठी नोंदी कशा ठेवतात ते समजून घ्यायचंय. टोपणनावं ठीक, पण औषधाचा साठा मागवताना खरी नावं लागत असतीलच ना? ती कुठे असतात, कोण ठेवतं, किती सुरक्षित असतात? लोकांची गुप्तता जपायचं कलम लिहायचं तर आत्ता ती कशी जपली जाते हे मला माहीत हवं. सविस्तर लिही.

तुझी वकीलीण


४ मार्च

वकीलीणबाई,

मी विचारलेल्याचं उत्तर तू दिलं नाहीस. कामाच्या रगाड्यात राहिलं असेल.

गुप्ततेचं कलम घालताय हे वाचून मात्र जीव भांड्यात पडला. ते फार गरजेचं आहे. आमच्याकडे दोन वह्या आहेत. पहिली टेबलावरची, टोपणनावांची. दुसरीत खरी नावं, पत्ते आणि कामाची ठिकाणं. ती वरच्या कार्यालयात जात नाही. साठा मागवताना डॉक्टर फक्त आकडा कळवतात. ही वही औषधाच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, कापसाच्या गठ्ठ्यांमागे असते. किल्ली माझ्या गळ्यात. मेट्रनलाही त्या वहीचा पत्ता नाही. डॉक्टर आणि मी, दोघंच.

कायद्यात असं काहीतरी लिही की ही वही कुणी मागूच शकणार नाही. मग मी ती खुशाल टेबलावर ठेवीन, आणि माझ्या गळ्यातलं हे लोढणं जाईल.

मावशी


९ एप्रिल

भाचीस,

मधल्या माझ्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. आता का दिलं नाहीस ते कळलं.

सोमवारी सकाळी आठला खिडकीसमोर दोन माणसं आली. एक परिवहन खात्याचा अधिकारी, दुसरा साध्या कपड्यांतला पोलीस. रांगेत तेव्हा सात-आठ जण होते. पोलीस कितीही साधे कपडे घालो, त्याचे बूट बोलतात. क्षणात रांग मोकळी झाली. शिंपीण कप ओठाला लावून उभी होती. तिने तो तसाच कठड्यावर ठेवला आणि गेली.

अधिकारी सभ्य होता. म्हणाला, "बाई, तुमच्याकडे नोंदणी करून औषध घेणारा एक बस ड्रायव्हर आहे. प्रवाशांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. खऱ्या नावांची वही दाखवा."

मी म्हटलं, "आमच्याकडे टोपणनावांचीच वही असते. ही घ्या, बघा."

त्याने माझ्या वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून कागद काढला आणि वाचला. "औषधाच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, कापसाच्या गठ्ठ्यांमागे. किल्ली गळ्यात."

माझं वाक्य होतं ते. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तुला लिहिलेलं. परक्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला आधी असं वाटलं की मीच कुठेतरी बडबडले असेन. घरी चोरी झाल्यावर माणूस आधी आपलीच कडी तपासतो, तसं. मग आठवलं की हे मी आयुष्यात एकदाच, एकाच माणसाला सांगितलंय.

मी किल्ली काढून दिली. दिली नसती तर त्यांनी कपाट फोडलं असतं, हे खरं आहे. पण त्या घडीला मी हा विचार केला नव्हता. त्यांनी एकाच माणसाचं नाव हवं म्हणून सांगितलं आणि वही सबंध नेली. पावती दिली.

आज शुक्रवार. काल एकसष्टांपैकी चौदा जण आले. सव्वासहा मंगळवारपासून आलेला नाही.

मी तुझ्यावर ओरडत नाही. मला फक्त विचारायचंय. तू हे त्यांना दिलंस, की तुझ्याकडून कुणी चोरलं?

मावशी


१७ एप्रिल

मावशी,

चोरलं नाही. मी दिलं.

सगळं सांगते. त्या पहिल्या दिवशी मी सव्वासहाचंही वाचलं होतं. तू विचारलंस तेव्हा मला खरं लिहिता आलं नाही. मला वाटलं होतं, चार वर्षं बसला ओरखडा नाही, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? पण सातवे सदस्य परिवहन खात्याचे. बैठक संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "चाळीस माणसं त्याच्या मागे बसतात आणि डेपोला माहीत नाही. हे ऐकल्यावर मी गप्प बसलो तर उद्या अपघात झाल्यावर जबाबदार कोण?" मी डॉक्टरांच्या तपासणीचं सांगितलं. ते म्हणाले, "मग लपवायचं कारण काय?"

महिनाभर ते अडून बसले. त्यांच्या सहीशिवाय काहीच पुढे जाणार नव्हतं. ना औषधाची केंद्रं, ना सुया, ना मामाचं कलम. शेवटी म्हणाले, "ड्रायव्हर कोण ते मला कळू द्या, मी सही करतो. त्याची नोकरी जाणार नाही. डेपोत आतलं काम देऊ. माझा शब्द." म्हणून मी तुला वहीचं विचारलं. थेट नाव मागितलं असतं तर तू दिलं नसतंस. तुझ्या चार मार्चच्या पत्राची प्रत मी माझ्या हाताने त्यांच्या टेबलावर ठेवली.

एकच नाव बघतील असं ठरलं होतं. सगळी वही नेतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी शब्द मोडला तेव्हा मी त्यांच्या दालनाबाहेर दीड तास बसले. त्यांनी भेट दिली नाही. सही मात्र केली.

कलम आलंय, मावशी. जसंच्या तसं. एक जुलैपासून लागू होईल. वर्षाला किती माणसं वाचतील याचा अंदाज माझ्यासमोर आहे. तो आकडा तुला लिहिणार होते, पण आत्ता लिहीत नाही. तूच म्हणाली होतीस, ते कलम आण, बाकी काही नाही आणलंस तरी चालेल. मी ते वाक्य धरून बसले. एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला इतके. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

मला माफ कर असं म्हणायची हिंमत नाही. पण उत्तर लिही.

भाची


३ मे

भाचीस,

तू विचारलंस, मी काय केलं असतं. मी तुला विचारलं असतं. "मावशी, असा असा पेच आहे, त्याला विचारून बघ," एवढं लिहिलं असतंस तर मी सव्वासहाला विचारलं असतं. कुणास ठाऊक, तो हो म्हणाला असता. चार वर्षं भीत भीत गाडी चालवून तोही कंटाळला होता. त्याच्या वतीने तू परस्पर हो म्हणालीस, आणि त्यासाठी माझं तोंड वापरलंस.

रविवारी मी त्याच्या घरी गेले. पत्ता मला तोंडपाठ होता, तेवढी वही माझ्या डोक्यात अजून आहे. बायकोने दार उघडलं, मला ओळखलं आणि आत गेली. तो पलंगावर बसून मुलीच्या वह्यांना कव्हरं घालत होता. आतलं काम वगैरे काही दिलेलं नाही. मंगळवारी पहाटेच बोलावून डेपोच्या फाटकावर ओळखपत्र काढून घेतलं, सगळ्यांच्या देखत. तिथून तो माझ्याकडे यायला निघाला होता. कोपऱ्यापर्यंत आला, खिडकीसमोर कुणीतरी उभं दिसलं, पोलीसच वाटला आणि मागे फिरला.

नऊ दिवस त्याने बाहेरचं घेतलं. हे बायकोने सांगितलं, मला पाणी देताना. दोनदा तो मोरीत पडला, ओठ निळे झाले. "फोन हातात घेऊन बसले होते," ती म्हणाली. "केला नाही. मला नेलं असतं तर पोरीकडे कोण बघणार?" गालावर मारून, पाणी ओतून तिने त्याला परत आणला. तुझं कलम तेव्हा कागदावर होतं.

मग त्याने विचारलं, "बाई, माझं तुम्ही कुणाला सांगितलंत?"

मला खोटं बोलता आलं असतं. डॉक्टरांवर ढकलता आलं असतं, वही नेली म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "माझ्या भाचीला. ती कायदा लिहीत होती. मला वाटलं, तुमचं चांगलं आहे तर जगाला कळू दे."

त्याने कव्हराची घडी अंगठ्याने दाबली. म्हणाला, "भाचीला." मग म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही खिडकी बंद केलीत की आमचं तिथेच राहतं."

म्हणजे बघ, तू मला फसवलंस, पण त्याला मी फसवलं. ते तुझ्या माथी मारून मला मोकळं होता येत नाही. तुझं पत्र मागायला आलं होतं, पण पेन माझ्याच हातात होतं. चांगलं सांगायच्या हौसेने मी त्याचं घर उघडं टाकलं. अभिमान होता मला त्याचा. पोटच्या पोराचा असावा तसा.

आमच्याकडे तो आता येणार नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दुसऱ्या गावच्या केंद्रात त्याची सोय केलीय. रोज दोन तास जायला, दोन तास यायला. तिकीट काढून बसतो, दुसरा कुणी गाडी चालवत असतो. शिंपिणीचा पत्ता नाही. बागेतल्या झाडूवाल्याने परवा मला डबाभर वापरलेल्या सुया आणून दिल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तुझा कायदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. एक जुलैनंतर कुणाची तरी बायको फोन करेल, कुणाचा तरी मित्र पळणार नाही. तुझ्या मामाला ते मिळालं नाही. त्याचं श्रेय तुझं आहे आणि ते मी तुझ्याकडून काढून घेत नाही. पण त्या सहीखाली माझ्या घरातून गेलेलं पत्र आहे, आणि ते मी तुला आंधळेपणाने दिलं होतं. आंधळेपणाने देता येईल असं माणूस मला एकच होतं.

मावशी


१२ ऑगस्ट

मावशी,

तीन महिने झाले. मी दोनदा येऊन गेले, तुझ्या दाराला कुलूप होतं. शेजारचे म्हणाले, आत्ताच बाहेर पडल्या.

समितीचं काम मी सोडलं. वही परत मिळावी म्हणून अर्ज केला होता, तो फेटाळला. पुन्हा केलाय. सव्वासहाला कामावर घ्यावं म्हणून डॉक्टरांच्या चार वर्षांच्या तपासण्या जोडून दावा दाखल करायचाय, पण त्याची सही लागेल आणि तो मला भेटत नाही. तू एकदा सांगितलंस तर भेटेल.

आणि हे तुला कळावं म्हणून लिहिते. गेल्या आठवड्यात एका मुलीने मैत्रिणीसाठी फोन केला. दवाखान्याची गाडी अकरा मिनिटांत आली. मैत्रीण वाचली. कुणालाही धरलं नाही. आपल्याकडची ही पहिलीच नोंद.

केंद्रात आता किती जण येतात? शिंपीण परत आली का? तू कशी आहेस? शिव्या दे, पण काहीतरी लिही.

तुझी वकीलीण


३० ऑगस्ट

चि. भाचीस,

पत्र पोचलं. ती मुलगी वाचली हे वाचून बरं वाटलं.

सही हवी असेल तर त्याच्या घरी जा. पत्ता तुझ्या सरकारकडे आहे. दार उघडायचं की नाही ते तो ठरवेल.

इकडे उकाडा कमी झालाय, हवा चांगली आहे. तुझ्या आईचा फोन आला होता, तिचा खोकला आता बरा आहे. शेजारच्यांनी घराला बाहेरून रंग दिला, फिकट हिरवा. माझी तब्येत ठीक.

केंद्राचं विचारलं होतंस. काम चालू आहे.

प्रकृतीला जप.

मावशी